समुद्रसपाटीपासून ऐंशी मीटर

१ ऑगस्ट १९९९ या दिवशी स्टॉकहोमच्या दक्षिणेला त्यूरेस्ताच्या जंगलात आग लागली. शहराच्या मध्यापासून हे जंगल जेमतेम वीस किलोमीटरवर. उन्हाळा कोरडा गेला होता. खडकावरची वीतभर माती आणि तिच्यावरचं शेवाळ पार वाळून गेलं होतं. कुणाच्या तरी निष्काळजीपणातून ठिणगी पडली असं मानलं जातं. अग्निशमन दल आलं, लष्कराचे जवान आले, हेलिकॉप्टरं पाणी उचलून ओतत राहिली. पण आग शेंड्यांपेक्षा जमिनीतच जास्त होती. पालापाचोळा कुजून झालेला थर आतल्या आत धुमसत होता. एका जागी विझली म्हणावी तर चार हात पलीकडे धूर निघायचा. आटोक्यात येईपर्यंत सुमारे ४५० हेक्टर जंगल गेलं. राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित होऊन त्याला सहाच वर्षं झाली होती.

शे-दोनशे वर्षं उभी असलेली पाइनची झाडं मुळं जळाल्यामुळे एकमेकांवर आडवी पडली. काही ठिकाणी माती इतकी जळाली की खाली नुसता खडक उरला. स्टॉकहोमकर हळहळले, रविवारी पोराबाळांना घेऊन जायची त्यांची ही हक्काची जागा.

पुढच्या वर्षांत मातियास पेत्तेर्सोन आणि रोगेर विकेल हे दोन पुरातत्त्वज्ञ या जळक्या रानात पायी फिरू लागले. आगीने मातीचं पांघरूण काढून टाकलं होतं आणि उघड्या पडलेल्या वाळू-खड्यांत पांढऱ्या गारगोटीच्या कपच्या दिसत होत्या. हत्यारं घडवताना माणसाच्या हाताने उडवलेल्या. अशी एक जागा सापडली, मग दुसरी, मग कितीतरी. त्यांतल्या सर्वांत जुन्या जागांचं वय दहा हजार वर्षांच्या घरात जाणारं.

या जागा आज समुद्रसपाटीपासून सत्तर-ऐंशी मीटर उंचीवर, बोडक्या खडकांच्या माथ्यालगत आहेत. धड माती नाही, शेत नाही, आडोसाही बेताचा. असल्या ठिकाणी कोण कशाला मुक्काम करेल? याचं उत्तर असं की तेव्हा ही टेकडी अजून टेकडी झाली नव्हती. भर समुद्रातलं ते एक खडकाळ बेट होतं, आणि माणसं पाण्याच्या काठाला बसली होती. समुद्र नंतर खाली गेला. खरं तर जमीन वर आली.

त्यूरेस्ताच्या पायवाटेवर चालताना ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं. इथे चढ चढणं म्हणजे जुन्या काळात जाणं आणि उतरणं म्हणजे अलीकडे येणं.

गाव चिखलावर, जंगल खडकावर

स्टॉकहोमहून हांडेन स्टेशनपर्यंत लोकल आणि पुढे बस. ऑगस्ट संपत आला होता. सोबत तिथेच स्थायिक झालेला माझा कॉलेजातला मित्र आणि त्याची दहा वर्षांची मुलगी. तिच्या शाळेची सहल इथे येऊन गेलेली असल्यामुळे वाटाड्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं.

बसमधून उतरल्यावर आधी लागतं ते त्यूरेस्ता गाव. गाव कसलं, थोडकी लाकडी घरं, गोठे, कोठारं. घरांना फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून बनवलेला तो गडद लाल रंग, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी. भोवती सपाट शेतं आणि चराऊ कुरणं. १९९७ मध्ये उघडलेलं ‘राष्ट्रीय उद्यानांचं घर’ हे माहिती केंद्रही इथेच आहे. स्वीडनच्या नकाशाच्या आकारात बांधलेलं, लांबुळकं. आत देशातल्या साऱ्या राष्ट्रीय उद्यानांची माहिती मिळते. मुलीला त्यात काही नवं नव्हतं. ती बाहेर पायरीवर बसून बुटाच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होती.

कुरणाच्या कडेला गवतात काही बुटके, गोलसर उंचवटे आहेत. मित्राने दाखवले नसते तर मी त्यांवरून चालतच गेलो असतो. या लोहयुगातल्या कबरी. दगड रचून वर माती टाकलेली, आणि त्यावर हजारेक वर्षांचं गवत. स्वीडनमध्ये लोहयुग अकराव्या शतकापर्यंत धरतात. म्हणजे व्हायकिंग काळ त्यातच येतो. लोहयुगापासून या जागी शेती होत आली आहे, माणसं राहत आली आहेत. ज्या वावरात आज गुरं चरतात तेच वावर तेव्हाही कसलं जात होतं.

गाव नेमकं इथेच का, हे कुरणाच्या टोकाला उभं राहिलं की कळतं. पायाखालची जमीन परातीसारखी सपाट आहे. आणि ती संपते तिथे खडक एकदम उभा राहतो, त्याच्यावर झाडी सुरू होते. सपाटी आणि चढ यांच्यामध्ये सवड अशी नाहीच.

इथला मूळ खडक नाइस आणि ग्रॅनाइटचा, सुमारे १९० कोटी वर्षांचा. त्याच्यावर एकेकाळी असलेले पर्वत झिजून झिजून पन्नास कोटी वर्षांपूर्वीच सगळं सपाट झालं होतं. मग या सपाट खडकाला भेगा पडल्या. हिमयुगात बर्फाने त्या भेगा कोरून रुंद केल्या आणि दऱ्या तयार झाल्या. नकाशावर पाहिलं तर स्टॉकहोमच्या दक्षिणेचा हा सोदरतोर्न नावाचा सगळा प्रदेश अशा सरळ रेषांनी चिरलेला दिसतो; काही रेषांत तळी आहेत, काहींत दलदल, काहींत शेतं.

बर्फ मागे हटत गेला तेव्हा त्याच्या तोंडाशी खोल पाणी होतं. वितळणाऱ्या बर्फाबरोबर येणारा बारीक गाळ दऱ्यांच्या तळाशी निवांत बसत गेला. उन्हाळ्यात वितळणं जोरात, म्हणून गाळ थोडा भरड आणि फिकट. हिवाळ्यात पाणी थिजलेलं, म्हणून बारीक आणि गडद. एक फिकट आणि एक गडद थर मिळून एक वर्ष. येरार्द दे येर या स्वीडिश भूवैज्ञानिकाने यातून काळ मोजायची युक्ती काढली. १९०५ च्या उन्हाळ्यात त्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची फौज उभी केली आणि ठिकठिकाणच्या चिकणमातीतले थर मोजून एकमेकांशी जुळवले. बर्फाची कड कोणत्या वर्षी कुठे होती, हे त्यातून वर्षावर्षाच्या हिशेबाने सांगता येऊ लागलं. किरणोत्सर्गी कार्बनवरून वय काढायची पद्धत यायला अजून चार दशकं होती.

तीच चिकणमाती पुढे समुद्राचा तळ वर आल्यावर शेतजमीन झाली. लोहयुगातल्या शेतकऱ्याला नांगर घालता येईल अशी जमीन तेवढीच होती, म्हणून गाव तिच्या काठाला बसलं. घरं मात्र प्रत्यक्ष मातीवर नाहीत, जरा वर, खडकाच्या बाजूला कोरड्यात आहेत. आपल्याकडेही पिकाऊ जमीन राखून गावठाण माळावर ठेवतात, तसंच.

खडकावरचे ओरखडे

कुरण सोडून वाट चढू लागते. पहिल्याच वळणावर खडकाचा एक मोठा उघडा पाठ आहे. उत्तरेकडून चढताना तो गुळगुळीत, हात फिरवावासा वाटणारा. माथा ओलांडून दक्षिणेला उतरू लागलो की तुटका, पायऱ्या-पायऱ्यांचा. बर्फ उत्तरेकडून आला. चढाच्या बाजूला त्याने घासलं, आणि उताराच्या बाजूला भेगांत गोठून खडकाचे तुकडेच्या तुकडे उपटून नेले. एकदा हे लक्षात आलं की ढगाळ दिवशीही खडक पाहून उत्तर दिशा सांगता येते.

“काका, असं नाही दिसत,” मुलगी म्हणाली. तिने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, खडकावर थोडं पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर बसून गाल जवळजवळ दगडाला टेकवला. तिच्यासारखं वाकून पाहिल्यावर दिसलं. ओल्या पृष्ठभागावर तिरप्या उजेडात एकमेकींना समांतर बारीक रेषा, उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेल्या. काही केसाएवढ्या, एखादी बोटाचं टोक बसेल इतकी खोल. बर्फ स्वतः खडकाला ओरखडू शकत नाही, तेवढा तो कठीण नाही. त्याच्या बुडाशी गोठून बसलेले दगडगोटे हे काम करतात, आणि वरून दाबायला ऐन भरात तीन किलोमीटरपर्यंत जाडीचा बर्फ होता. पाणी वाळलं तशा रेषा पुन्हा दिसेनाशा झाल्या.

अशा रेषांनीच हिमयुगाची कल्पना एकोणिसाव्या शतकात लोकांच्या गळी उतरवली. आल्प्समधल्या हिमनद्या पाहून लुई आगासिझने १८४० मध्ये आपला ग्रंथ काढला तरी उत्तर जर्मनीच्या मैदानात सापडणारे स्कँडिनेव्हियातले धोंडे समुद्रातल्या हिमनगांवर बसून आले असंच बहुतेक जण मानत होते. नोव्हेंबर १८७५ मध्ये ओटो टोरेल हा स्वीडिश भूवैज्ञानिक बर्लिनजवळच्या रुडर्सडॉर्फच्या चुनखडीच्या खाणीत गेला, तिथल्या खडकावरचे ओरखडे त्याने दाखवले आणि स्कँडिनेव्हियातला बर्फ जमिनीवरून थेट बर्लिनपर्यंत पोहोचला होता असं ठासून सांगितलं.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच १८७५ सालच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात फ्रान्सिस फेडन या अधिकाऱ्याचं एक छोटं टिपण छापून आलं. चंद्रपूरजवळच्या इरई गावापाशी नदीपात्रातला चुनखडीचा खडक त्याला गुळगुळीत घासलेला आणि समांतर ओरखडलेला आढळला होता. त्याच्यावर लहानमोठ्या धोंड्यांनी भरलेला मातीचा थर. हा थर ओडिशातल्या तालचेरच्या नावाने ओळखला जातो आणि बर्फाचा त्याच्याशी संबंध असावा असं ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच सुचवलं होतं. इरईच्या ओरखड्यांनी त्याला दगडावरचा पुरावा दिला. म्हणजे जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या चंद्रपुरात कधीकाळी हिमनदी सरकत होती. फरक काळाचा. इरईचा बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाजवळ गोंडवनाच्या महाखंडाला जोडलेला होता तेव्हाचा. त्यूरेस्तातला बर्फ गेला त्याला अकरा हजार वर्षंच झाली. इरईत बर्फाचा फक्त ठसा राहिला आहे. इथे जमीन अजून त्या ओझ्यातून सावरते आहे.

सीलचा खडक आणि सेल्सियस

जमीन वर येते हे कळायला माणसाला वेळ लागला, कारण तिच्यावर उभं राहून ते कळत नाही. उत्तर स्वीडन आणि फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना मात्र पिढ्यान् पिढ्या अनुभव होता. आज्याच्या वेळचं बंदर नातवाच्या वेळी उथळ होतं, होडी आणखी पुढे बांधावी लागते. समज असा की समुद्र आटतो आहे.

तापमापकामुळे ज्याचं नाव आपल्या तोंडी असतं त्या आंदेर्स सेल्सियसने हा विषय हाती घेतला. त्याने पुरावा म्हणून धरले ते सीलचे खडक. पाण्याच्या पातळीला जेमतेम डोकं काढणाऱ्या खडकांवर सील ऊन खायला येतात, आणि शिकारी त्यांना तिथे गाठतात. अशा खडकांना मालक असत, त्यांच्या उत्पन्नाच्या नोंदी असत. जुन्या कागदपत्रांत ज्यांच्यावर शिकार होत असे असे काही खडक सेल्सियसच्या काळी इतके उंच झाले होते की सीलला वर चढता येईना. १७३१ मध्ये त्याने येव्ले शहराबाहेरच्या लोवग्रुंद बेटावरच्या अशाच एका खडकावर पाण्याच्या रेषेत खूण कोरून ठेवली. ती खूण अजून आहे, आणि पाणी तिच्यापासून जवळजवळ दोन मीटर खाली गेलं आहे.

सेल्सियसचं मोजमाप नेमकं होतं, कारण मात्र त्याने पाणी कमी होणं हेच धरलं. १८३४ मध्ये चार्ल्स लायेल हा स्कॉटिश भूवैज्ञानिक शंका घेऊनच स्वीडनला आला, या खुणा स्वतः मोजल्या आणि जमीनच वर येते हे मान्य करून परतला. का वर येते ते १८६५ मध्ये स्कॉटलंडच्या टॉमस जेमीसनने सुचवलं. बर्फाच्या वजनाने जमीन खाली दबली होती, वजन गेल्यावर ती परत वर येते. पृथ्वीच्या कवचाखालचा भाग घट्ट असला तरी हजारो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. बर्फाखालून तो बाजूला सरला होता, आता सावकाश परत येतो आहे.

उत्तरेकडे, जिथे बर्फ सगळ्यात जाड होता, तिथे ‘उंच किनारा’ नावाचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. स्कूलेबेर्ग डोंगरावर आजच्या समुद्रापासून २८६ मीटर उंचीवर जुन्या किनाऱ्याची खूण आहे. स्टॉकहोमच्या आसपास हा आकडा सुमारे दीडशे मीटर भरतो. त्यूरेस्तातला सर्वांत उंच माथा ८५ मीटरच्या आसपास. त्यामुळे बर्फ गेला त्या दिवशी हे सगळं जंगल, म्हणजे जंगलाची ही सगळी जागा, पाण्याखाली होती. आधी माथे बाहेर आले, सुटे सुटे, लाटांनी धुतलेले. मग त्यांच्या बाजू, मग खिंडी, आणि शेवटी दऱ्यांतला चिखल. म्हणून सत्तर मीटरवर सापडलेली किनाऱ्यावरची वस्ती साठ मीटरवरच्या वस्तीहून जुनी. पुरातत्त्वज्ञाला उत्खननाआधीच वयाचा अंदाज बांधता येतो.

पाइनच्या राज्यात

वाट आता जुन्या जंगलात शिरली होती. खाली ओलसर जागी स्प्रूस दाट आणि अंधारे, वर खडकावर पाइन विरळ. इथले काही पाइन चारशे वर्षांच्या घरातले आहेत. बुंध्याशी साल जाड, खवल्यांची. वर जावं तशी ती पातळ आणि नारिंगी होते. म्हाताऱ्या पाइनचा शेंडा वाढायचा थांबतो आणि झाड वर सपाट होतं, यावरून वय ओळखतात. मेलेली झाडं कुणी तोडत नाही. पांढुरकी, साल झडलेली खोडं शतकभर उभी राहतात, पडल्यावरही राळेमुळे लवकर कुजत नाहीत. सुतार पक्षी, भुंगेरे, बुरशी यांचा संसार त्यांच्यावर चालतो.

खडकाच्या पाठीवर पांढरट राखी दगडफुलाचे गुच्छ. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच गोतावळ्यातलं, पण इथलं जमिनीवर वाढणारं आणि ठिसूळ. उन्हात पाय पडला तर चुरा होतो, पाऊस पडून गेला की मऊ. उत्तरेला रेनडिअर हिवाळ्यात यावर जगतात. त्याच्या कडेकडेने ब्लूबेरीची गुडघ्याएवढी झुडपं आणि लिंगनबेरीची लाल फळं. राष्ट्रीय उद्यान असूनही बेरी आणि खायच्या आळिंबी तोडायला परवानगी आहे. झाडाची फांदी मोडायची नाही, आणि चूल नेमून दिलेल्या जागीच. १९९९ नंतर हा नियम इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एक आजीबाई प्लास्टिकची बादली आणि बेरी खुडायचा दातेरी डबा घेऊन झुडपांत वाकल्या होत्या. आमच्या मुलीचे जांभळे झालेले दात पाहून त्या हसल्या आणि स्वीडिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. मुलीने मान डोलावली, पण आम्हाला भाषांतर करून सांगितलं नाही.

राजधानीच्या इतक्या जवळ असं जंगल राहिलं कसं? एक कारण सरळ आहे. माथे समुद्रातून वर येत असताना लाटांनी त्यांच्यावरची माती धुऊन दऱ्यांत नेली. नांगराला तिथे काही उरलंच नाही, त्यामुळे शेतकरी वर चढला नाही. लाकूड मात्र मोलाचं होतं, आणि विसाव्या शतकात कुऱ्हाड इथवर पोहोचण्याची वेळ आली होती. १९३० च्या दशकात स्टॉकहोम शहराने ही जमीन विकत घेतली म्हणून ती टळली. १९९३ मध्ये सुमारे दोन हजार हेक्टरांचं राष्ट्रीय उद्यान झालं; भोवतीचं राखीव क्षेत्र धरून सगळं मिळून पाच हजार हेक्टरांच्या आसपास भरतं. बर्फ आणि लाटा यांनी केलेल्या वाटणीत शेतकऱ्याला चिखल मिळाला, झाडांना खडक. ही वाटणी अजून कुणी मोडलेली नाही.

जळक्या रानात

जळलेला भाग एकदम समोर येतो. दाट सावलीतून बाहेर पडलो आणि आकाश मोठं झालं. उभी काळी-पांढरी खोडं, आडव्या खोडांचा खच, आणि त्यांच्यामधून वर आलेली बर्च, अॅस्पेन, कोवळे पाइन. उद्यानाने इथलं काही हलवलं नाही, काही लावलं नाही. पाय ठेवायला फळ्यांची वाट तेवढी केली आहे.

आगीची वाट पाहणारे जीव असतात, हे आपल्याला विचित्र वाटतं. एक काळा भुंगेरा असा आहे की त्याच्या अंगावरच्या संवेदकांना दूरच्या आगीची उष्णता कळते. इतर प्राणी पळत असतात तेव्हा तो आगीकडे उडत येतो आणि कोमट राखेतल्या खोडांत अंडी घालतो. जिवंत झाडाची राळ त्याच्या अळ्यांना चालत नाही. जिरेनियमच्या कुळातली एक जांभळट फुलाची वनस्पती तर बियांच्या रूपाने कित्येक दशकं मातीत पडून राहते आणि आगीची धग लागल्यावरच रुजते. उत्तरेकडच्या जंगलांना वणवा नवा नाही. जुन्या पाइनच्या बुंध्यावर पूर्वीच्या आगींचे व्रण असतात. झाड त्यांच्याभोवती नवी साल चढवून पुढे वाढलेलं असतं.

पेत्तेर्सोन आणि विकेल यांचं काम समजायला मात्र डोळ्यांपुढचं रान पुसून टाकावं लागतं. पाणी पंचाहत्तर मीटरवर आणून ठेवायचं. मग आपण उभे आहोत तो माथा एक छोटं बेट होतं, समोरची टेकडी दुसरं, आणि मधली दलदल म्हणजे बेटांमधली सामुद्रधुनी. मुख्य भूमी दूर पश्चिमेला. आता विचारायचं, होडी कुठे लावू? वारा अडेल, लाट येणार नाही आणि उतरायला वाळू-खड्यांची थोडी उतरती जागा असेल तिथे. या दोघांनी जुन्या किनाऱ्यांचे नकाशे घेऊन अशाच जागा शोधल्या, आणि गारगोट्या बऱ्याचदा तिथेच मिळाल्या. दोन खडकांच्या खिंडीत, चार-पाच माणसं जेमतेम बसतील एवढ्या सपाटीवर.

मध्य स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर चकमक नैसर्गिकरीत्या मिळत नाही. दक्षिणेत चकमकीची पाती काढणाऱ्यांना इथे आल्यावर गारगोटीवर भागवावं लागलं. गारगोटी खडकातल्या पांढऱ्या शिरांमध्ये मुबलक, पण फुटते वेडीवाकडी. तिला खालच्या दगडावर उभी धरून वरून घाव घालायचा आणि जे तुकडे पडतील त्यांतून धारदार तेवढे निवडायचे. म्हणून एका बैठकीच्या जागी ढीगभर कपच्या आणि त्यांत हत्यार म्हणावं असे थोडेच तुकडे. जंगल शाबूत असलेल्या भागात त्या शेवाळाखाली, मुळांखाली तशाच पडून आहेत. तिथे त्या दिसत नाहीत एवढंच. आगीने फक्त एक कोपरा उघडून दाखवला. नंतर या दोघांच्या पद्धतीने सोदरतोर्नवर इतरत्रही अशा जागा सापडत गेल्या.

वाटेच्या कडेला खड्यांत मलाही एक पांढरा तुकडा दिसला. तो माणसाने फोडलेला की थंडीने फुटलेला, हे ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि प्राचीन अवशेष उचलायला कायद्याने मनाईच आहे. मित्राने वाकून पाहिला, मी पाहिला, मुलीने फोटो काढला.

या माणसांना इथे काय आणत होतं? सील. बाहेरच्या उघड्या बेटांवर, जिथे झाडं रुजायला अजून अवकाश होता, तिथे सील मोठ्या संख्येने खडकांवर येत. सील म्हणजे मांस, कातडं आणि चरबी. चरबी खायला आणि दिव्याला. मुख्य भूमीपासून उघड्या समुद्रातून इथवर यायला भरवशाची होडी हवी आणि ती हाकणारे लोक हवेत. त्या होड्या उरलेल्या नाहीत, पण बेटावरच्या कपच्या त्यांची साक्ष देतात. दुसरा रस्ताच नव्हता. बर्फ गेल्यावर पहिले माथे पाण्याबाहेर आले न आले, तोच माणूस तिथे पोहोचला होता. हजारो वर्षांनी सेल्सियसने ज्या सीलच्या खडकांवरून जमिनीचा उठाव ओळखला, त्याच जातीच्या खडकांवर या भागातल्या पहिल्या माणसांनी मुक्काम केला होता.

पायथ्याकडे

स्तेनशोन तळ्याच्या काठी वहिनींनी बांधून दिलेली थालीपिठं आणि मुलीच्या हट्टाने घेतलेले दालचिनीचे पाव खाऊन आम्ही परत गावाच्या दिशेला लागलो. वरून खाली, म्हणजे अश्मयुगातून लोहयुगाकडे. शहरात पोहोचेपर्यंत हाच हिशेब आणखी खाली नेता येतो.

मेलारेन हे स्टॉकहोमच्या पश्चिमेचं मोठं सरोवर व्हायकिंग काळात समुद्राची खाडी होतं. त्यातल्या बिर्का या बेटावर आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भरभराटीचं व्यापारी गाव होतं. त्या वेळचं पाणी आजच्यापेक्षा सुमारे पाच मीटर वर होतं, म्हणून तिथल्या धक्क्यांचे अवशेष आज कोरड्यावर मिळतात. जमीन वर येत राहिली, खाडीचं तोंड उथळ आणि अरुंद झालं आणि बाराशे सालाच्या सुमारास मेलारेन समुद्रापासून तुटून गोड्या पाण्याचं सरोवर झालं. समुद्र आणि सरोवर यांच्यामधल्या नेमक्या त्या चिंचोळ्या जागी तेराव्या शतकात स्टॉकहोम वसलं. दोन्हीकडचा माल तिथे उतरवावा लागे. आज तिथे स्लुसेनचं जलद्वार आहे.

आणि तिथेच समुद्राच्या पातळीची नोंद १७७४ पासून ठेवली गेली आहे; जगात इतकी लांब, सलग नोंद दुसरी नाही. जवळजवळ दोन शतकं तिचा आलेख खाली उतरत गेला. पाणी दर शतकाला सुमारे चाळीस सेंटिमीटर उतरत होतं. अलीकडच्या दशकांत तो उतार मंदावून जवळपास आडवा झाला आहे. स्टॉकहोमची जमीन अजूनही वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर वर येते; ती थांबलेली नाही. जगभर समुद्रच वर चढतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात तो सरासरी २० सेंटिमीटर चढला आणि २००६ नंतर वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने. एक बाजू वर येते, दुसरीही येते, आणि किनारा जिथल्या तिथे. पण चढाचा वेग वाढतोच आहे, आणि जमीन मात्र तिच्या जुन्याच चालीने, किंबहुना शतकागणिक किंचित मंद होत, वर यायची आहे. अकरा हजार वर्षांपूर्वीच्या बर्फाने या शहराला थोडी सवड मिळवून दिली आहे. ती कायमची नाही, हे तिथल्या नियोजनकारांना माहीत आहे.

मुंबईच्या अपोलो बंदरावरही १८७८ पासून अशी नोंद आहे, आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. तिचा आलेख सुरुवातीपासून वर जातो. सह्याद्रीवर हिमयुगाचा बर्फ कधी साचलाच नव्हता, तर त्याच्या वजनातून सुटून कोकण वर कुठून येणार? पेण-अलिबागकडच्या खारपट्ट्यातला शेतकरी भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतो, तो फुटला की पुन्हा घालतो आणि दर वेळी जरा उंच घालतो. त्यूरेस्तात जे काम जमीन फुकटात करते ते इथे त्याला फावड्याने करावं लागतं, आणि पुढच्या काळात ते एकट्याने निभणारं नाही.